प्रतिमा-संचिकांचे रूपांतरण
संगणकात साठविलेल्या चित्राची माहिती एका संकेतन-पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेण्याची क्रिया. संचिका मोजक्या असल्यास हे काम पडद्यावरील चिन्हांच्या साहाय्याने करता येते. परंतु शेकडो संचिकांवर एकच प्रक्रिया करावयाची असेल, तर आज्ञा अक्षरांत टंकून देणे अधिक सोयीचे ठरते. अशी आज्ञा जपून ठेवता येते, पुन्हा चालविता येते आणि प्रतीवर कोणते संस्कार झाले, हे तिच्यावरून नंतर तपासता येते.

संकेतन-पद्धती : अंकीय छायाचित्र म्हणजे चित्रबिंदूंची जाळी होय. प्रत्येक बिंदूसाठी तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांची मूल्ये नोंदविलेली असतात. ६,००० × ४,००० बिंदूंच्या चित्रास प्रत्येक रंगाला ८ बिट या हिशेबाने ७.२ कोटी बाइट लागतात. हा आकार कमी करण्यासाठी संपीडन करतात. पीएनजी (१९९६) या पद्धतीतील संपीडन हानिरहित असते. टिफमध्येही (१९८६) तसे ठेवता येते. जिफ (१९८७) एका चित्रात २५६ रंगच सामावते. जेपेग (१९९२) पद्धतीत चित्राचे ८ × ८ बिंदूंचे गट पाडून डोळ्यांना सहसा न जाणवणारे सूक्ष्म फरक वगळले जातात. त्यामुळे संचिका पुष्कळ लहान होते. मात्र वगळलेली माहिती जेपेगचे पुन्हा टिफ केल्याने परत येत नाही.

साधने : जेफ पॉस्कँझर यांनी १९८८ मध्ये प्रसृत केलेल्या ‘पीबीएमप्लस’ या संचात प्रत्येक पद्धतीचे रूपांतर प्रथम एका साध्या मध्यस्थ रूपात होई. २० पद्धतींच्या प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र कार्यक्रम लिहिल्यास ३८० कार्यक्रम लागतील. मध्यस्थ रूपामुळे ४० पुरतात. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्यूपाँट कंपनीत असताना आरंभिलेले ‘इमेजमॅजिक’ १९९० मध्ये सर्वांस खुले झाले. त्याच्या सातव्या आवृत्तीत ‘मॅजिक’ हा शब्द, मूळ संचिकेचे नाव व नव्या संचिकेचे नाव एवढे क्रमाने लिहिले की रूपांतर होते. नव्या नावाच्या शेवटच्या भागावरून कोणती पद्धती हवी हे कळते. जेपेगसाठी १ ते १०० या श्रेणीत गुणवत्ताही सांगता येते. ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा अनेक संचिकांवर एकदम चालते. मात्र नवी पद्धती अथवा वेगळी जागा न सांगितल्यास ती मूळ संचिकेवरच नवी प्रत लिहिते.

हानीचे महत्त्व : ⇨ अंबरनाथ येथील शिवमंदिराच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. तेथील शिलालेखाचा शक भाऊ दाजी लाड यांनी ७८२ असा वाचला होता, पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ (इ. स. १०६०) असल्याचे दाखविले व मंदिर शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील ठरले. एका अंकाच्या वळणाने दोनशे वर्षांचे अंतर पडले. हा वाचनभेद छायाचित्रामुळे झालेला नव्हे. परंतु झिजलेल्या अक्षराचा निर्णय किती सूक्ष्म रेषेवर अवलंबून असतो, हे त्यावरून दिसते. जेपेगचे संपीडन तीव्र असल्यास नेमक्या अशाच रेषा पुसट होतात व अक्षरांच्या कडांभोवती दगडावर नसलेल्या छटा उमटतात. पुढील अभ्यासकास दगडाची झीज कोणती व संपीडनाचा दोष कोणता, हे सांगता येणार नाही.

म्हणून शिलालेख, हस्तलिखिते, जुने दस्तऐवज इत्यादींची मूळ छायाचित्रे अस्पर्श ठेवून कामाच्या प्रती वेगळ्या जागी कराव्यात. हानिरहित रूपांतरानंतर ‘कंपेअर’ या आज्ञेने मूळ व प्रत ताडून पाहता येतात. भिन्न बिंदूंची संख्या शून्य आली, तर चित्र जसेच्या तसे उतरले असे समजावे. चित्रणाची तारीख, कॅमेरा इत्यादी नोंदी संचिकेतच असतात. आकार घटविण्यासाठी दिलेल्या ‘स्ट्रिप’ या पर्यायाने त्या नाहीशा होतात. मुद्रणासाठी वा दूरध्वनीवरून पाठविण्यासाठी लहान प्रत करण्यास हरकत नाही. तिच्यासाठी मूळ मात्र पुसून टाकू नये.