सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळ: ही माहिती नेमकी कोणाची?

नागपूर महापालिकेने काही वर्षांपूर्वी सफाई कामगारांना जीपीएस घड्याळं दिली. कामगार नेमलेल्या बीटवर कधी आले, कुठे होते, हे त्यातून कार्यालयात दिसू लागलं. खोट्या हजेरीला आळा बसावा, हा उद्देश. पण हजेरी घेणं वेगळं आणि दिवसभर माग ठेवणं वेगळं.

कायदा काय सांगतो?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केलं. मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं कलम ७ नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरण्याची मुभा देतं. आपली माहिती मागवून पाहण्याचा कलम ११ मधला हक्क संमतीशी जोडलेला आहे. म्हणजे संमती घेतलीच नसेल, तर हा हक्कही मिळत नाही.

मग मार्ग काय?

नोंदी किती दिवस ठेवायच्या, कोणी पाहायच्या, घड्याळ बंद पडलं तर हजेरी कशी धरायची, हे कामगार संघटनेसोबत बसून ठरवता येतं. कायद्याची त्याला आडकाठी नाही. पगार कापला गेला, तर ज्या नोंदीवरून कापला ती कामगारालाही पाहता यायला हवी.