छोट्या गाडीची खडखड आणि घसरलेले ॲव्हरेज

सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड दिवसा प्रसरण पावतो, रात्री आकसतो. यातून प्लास्टिकच्या क्लिपा सैल होतात आणि खराब रस्त्यावर खडखड सुरू होते.

आवाज शोधताना आधी दारांचे कप्पे आणि डिकी रिकामी करावी. जॅक, पाना व स्टेपनी घट्ट बसली आहेत का, ते पाहावे. मग एकाने गाडी हळू चालवावी आणि शेजारच्याने एकेक भाग हाताने दाबावा. दाबताच आवाज थांबला, तर दोष बहुधा तिथेच असतो. तुटलेली क्लिप बदलावी. दोन भाग घासत असतील तर मध्ये फेल्टची पट्टी चिकटवावी. गाडीखालून येणारी ठकठक सस्पेन्शनची असू शकते. ती मेकॅनिकलाच दाखवावी.

ॲव्हरेज मोजायचे तर टाकी पूर्ण भरावी, काहीशे किलोमीटर चालवून पुन्हा भरावी आणि अंतराला भरलेल्या लिटरने भागावे. पुण्याच्या एआरएआय संस्थेचा प्रमाणित आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा असतो. गर्दीत, एसी लावून तो मिळत नाही. आकडा अचानक घसरला, तर टायरमधली हवा, धुळीने भरलेला एअर फिल्टर आणि चिकटून राहणारे ब्रेक तपासावेत.

हवा टायर थंड असताना, दाराजवळच्या स्टिकरवरील आकड्याइतकीच भरावी. जास्त हवेने ॲव्हरेज किंचित वाढले, तरी धक्के व खडखड वाढतात आणि रस्त्यावरची पकड कमी होते.