एका बैठकीचे किती?

मंडईत मेथीची जुडी घेताना दोनदा भाव विचारणारे आपण वैद्याच्या दारात मात्र मुके होतो. बरे करणाऱ्याला पैशांचे विचारणे म्हणजे जणू त्याचा अपमान! रोगी ऐपतीप्रमाणे काही ठेवून जात असे त्या काळी हा संकोच शोभलाही असेल. पण आता गल्लोगल्ली ‘वेलनेस क्लिनिक’ निघाली आहेत. तेथे मंद संगीत असते, धन्वंतरीची तसबीर असते, गल्लाही असतो. नसते ते फक्त दरपत्रक.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली वैद्यकीय सेवेवर एक निबंध लिहिला. उपचाराविषयी देणाऱ्याला जितके कळते तितके घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून हा व्यवहार बव्हंशी विश्वासावर चालतो, असा त्यातला एक मुद्दा आहे. उपचार कळत नाही हे ठीक; किंमत तरी कळावी की नाही? साखर किलोवर मिळते, कापड मीटरवर. येथे माप आहे ‘बैठक’, आणि बैठक कशाला म्हणायचे ते पैसे भरल्यावर समजते.

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. गुडघेदुखीने ती पुण्यातील अशाच एका ठिकाणी जानुबस्तीसाठी गेली. जानुबस्ती म्हणजे उडदाच्या पिठाचे कडे गुडघ्याभोवती बसवून त्यात कोमट औषधी तेल काही वेळ धरून ठेवणे. वैद्यांनी तपासले, पण दराचे बोलणे शेजारच्या खोलीतल्या ‘सल्लागार’ बाईंनी केले. एक बैठक सातशे रुपये, चौदा बैठकांचे नऊ हजार आठशे. आजच भरल्यास तपासणी मोफत. मावशीने चौदा दिवसांचा हिशेब मनाशी धरून पैसे भरले. दुसऱ्या दिवशी तेलाचे दीड हजार वेगळे निघाले. चौथ्या दिवशी कार्डावर आठ बैठका संपल्याची नोंद! विचारल्यावर गल्ल्यावरची मुलगी शांतपणे म्हणाली, “काकू, एका गुडघ्याची एक बैठक.”

मावशीने उरलेल्या सहा बैठकांचे चार हजार दोनशे परत मागितले. पैसे परत मिळत नाहीत, पण तेवढ्या रकमेत चेहऱ्याची मालिश करून घ्या, असे उत्तर आले. गुडघे दुखणाऱ्या बाईला चेहऱ्याची मालिश! नंतर तिने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा ‘मॅडम मीटिंगमध्ये’ होत्या.

नावांचाही असाच घोळ आहे. वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण ही पाच कर्मे. अंगाला तेल लावणे आणि वाफ देणे, म्हणजे स्नेहन व स्वेदन, ही त्यांच्या आधीची पूर्वकर्मे होत. पाचांपैकी एकही कर्म न करता ‘पंचकर्म पॅकेज’ विकले जात असेल, तर ग्राहकाने पैसे नेमके कशाचे मोजले? आयुर्वेदावर माझा राग नाही. राग आहे तो या शब्दांच्या आडोशाचा.

कायद्यातही येथे एक फट आहे. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले गेले आणि दरपत्रक दर्शनी जागी लावणे बंधनकारक झाले. पण त्यामागचा १९४९ चा मूळ कायदा रोगी दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. तासाभरात तेल लावून घरी पाठवणारे क्लिनिक त्यात बसत नाही. मात्र ग्राहक कायद्यातून त्याची सुटका नाही. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही ‘सेवा’च, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच दिला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल वा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष सेवा थांबवून तिचे पैसे पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत करण्यास नकार देणे हीही तशीच प्रथा.

म्हणून पावतीत काय लिहिले आहे याला फार महत्त्व. बैठक किती मिनिटांची, एका अवयवाची की दोन्हींची, तेल-औषध धरून की वगळून, मध्येच सोडल्यास काय, एवढे पैसे देण्यापूर्वी कागदावर मागावे. तोंडी ‘काळजी करू नका’ला जिल्हा ग्राहक आयोगापुढे फारसे वजन नाही. तेथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहता येते.

मावशीच्या पावतीवर फक्त ‘रु. ९,८०० मिळाले’ एवढेच आहे. मुदत नाही, अट नाही. तिने बैठकांचे कार्ड आणि त्या पावतीची प्रत जोडून रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवले आहे. पोचपावती आली आहे, उत्तर अजून यायचे आहे.