अब्बा रस्ता चुकले तेव्हा

कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या लोकलची स्टेशनं आमच्या अब्बांच्या जिभेवर असायची. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, मग खोपोली. नोकरीची सारी वर्षं त्यांनी याच गाडीने ये-जा केली. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते खोपोली स्टेशनवर उतरले आणि दहा मिनिटांच्या घरी पोहोचायला त्यांना दोन तास लागले. अम्मी रागावली, आम्ही हसण्यावारी नेलं. वय झालं, दुसरं काय!

ते हसण्यावारी न्यायला नको होतं, हे नंतर कळलं.

मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला खोलवर एक छोटा भाग आहे, हिप्पोकॅम्पस. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदरांच्या या भागात अशा पेशी आढळल्या की, उंदीर खोलीत एका ठरावीक जागी आला की त्यातली ठरावीक पेशी चमकते. पुढे २००५ मध्ये नॉर्वेच्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या जोडप्याला शेजारच्याच भागात दुसऱ्या प्रकारच्या पेशी सापडल्या. त्या सगळ्या जागेवर जणू षटकोनी जाळी पसरतात आणि अंतर मोजतात. २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं.

खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी माणसांना मशीनमध्ये झोपवून एका पक्ष्याचं चित्र दाखवलं. त्याची मान आणि पाय लांब-आखूड होत होते. हा बदल मनात करताना माणूस कुठेही चालत नव्हता, तरी मेंदूत त्याच जाळीसारख्या खुणा उमटल्या. म्हणजे रस्त्यांसाठीची व्यवस्था मेंदू विचारांसाठीही वापरत असावा. आपण नात्याला ‘जवळचं’, ‘लांबचं’ म्हणतो, ते उगीच नसेल! हिफ्ज करणाऱ्या मुलांना उस्ताद एकच प्रत शेवटपर्यंत वापरायला सांगतात. आयत पानावर कुठे होती, वर की खाली, हे डोळ्यांना आठवतं. या दोन गोष्टींचा संबंध मी माझ्या मनाने जोडतोय, पण हाफिज वाचकांना तो पटेल.

आता अब्बांकडे येतो. अल्झायमर या आजारात मोझर यांच्या पेशी ज्या भागात असतात, तो भाग फार लवकर बिघडतो. म्हणून काही जणांत नाव विसरण्याआधी ओळखीचा रस्ता हरवतो. प्रत्येक वेळी अल्झायमरच असतो असं नाही. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, काही औषधं यांमुळेही गोंधळ होतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. म्हणून तपासणी लवकर हवी. आम्ही सहा महिने घालवले.

डॉक्टरांच्या सल्ल्याने आता घरातलं सामान आम्ही हलवत नाही. खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असते. असरच्या नमाजला नातू सोबत जातो. वाटेत एक कडुलिंब होता, तो कधीच तोडला गेला. ‘‘लिंबाजवळून उजवीकडे,’’ अब्बा अजून सांगतात, आणि बरोबर तिथेच वळतात.