विश्लेषण : कारखान्यांच्या सुरक्षेसाठी सॉफ्टवेअरचा ‘बिल्ड’ वेगवान होणे का गरजेचे?

जुलै २०१९ मध्ये ‘आर्मिस’ या सायबर सुरक्षा कंपनीने ‘व्हीएक्सवर्क्स’ या प्रणालीतील ११ त्रुटी जाहीर केल्या. हे नाव सामान्य वापरकर्त्याच्या कानावर येत नाही. पण कारखान्यांतील नियंत्रक, वैद्यकीय उपकरणे, नेटवर्कची साधने यांच्या आत ही प्रणाली चालते. ‘अर्जंट/११’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या त्रुटींपैकी सहा गंभीर होत्या. त्यांचा वापर करून हल्लेखोराला दुरूनच उपकरणाचा ताबा घेता आला असता. व्हीएक्सवर्क्स बनवणाऱ्या ‘विंड रिव्हर’ने दुरुस्ती दिली, पण तेवढ्याने कारखाने सुरक्षित झाले नाहीत. ही दुरुस्ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घालणे, प्रत्येक मॉडेलसाठी ते नव्याने तयार करणे, तपासणे आणि मग ग्राहकाला देणे हे काम प्रत्येक उत्पादकाला स्वतंत्रपणे करायचे होते. यातले ‘नव्याने तयार करणे’ म्हणजे बिल्ड.

बिल्डमध्ये नेमके काय होते?

प्रोग्रामरने लिहिलेला सोर्स कोड यंत्राला थेट समजत नाही. कम्पायलर एकेका फाइलचे यंत्रभाषेत रूपांतर करतो, लिंकर ते तुकडे जोडतो आणि नियंत्रकात भरता येईल अशी फाइल तयार होते. मोबाइल अ‍ॅपचेही असेच असते. औद्योगिक नियंत्रणात अडचण वाढते ती मॉडेलांच्या संख्येमुळे. मोबाइल चार-पाच वर्षांत बदलला जातो. नियंत्रक मात्र पंधरा-वीस वर्षेही कारखान्यात सुरू असतो आणि उत्पादकाला त्याला वाऱ्यावर सोडता येत नाही. त्यामुळे तोच कोड जुन्या-नव्या, वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी पुन:पुन्हा बिल्ड करावा लागतो. शिवाय अनेक नवे नियंत्रक आता लिनक्सवर चालतात. ‘योक्टो’सारख्या साधनाने अशी संपूर्ण प्रणाली शून्यापासून उभारायची तर साध्या संगणकाला काही तास लागू शकतात.

एका ओळीसाठी सगळे पुन्हा कशाला?

चकली बिघडली म्हणून कुणी लाडू पुन्हा वळायला घेत नाही. जे बदलले तेवढेच नव्याने करावे, ही कल्पना सॉफ्टवेअरमध्ये रुजवली ती ‘मेक’ या साधनाने. बेल लॅब्समधील स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये लिहिले. त्यामागचा किस्सा मार्मिक आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात वाया गेली. चूक आधीच दुरुस्त झाली होती. ती फाइल कम्पाइल करायची तेवढी राहिली होती आणि जुनाच तुकडा जोडला जात होता. म्हणजे वेळ वाचवण्याइतकाच, योग्य तुकडा जोडला जाण्याचा प्रश्नही या साधनाच्या मुळाशी होता. नियंत्रकांच्या बाबतीत तोच अधिक महत्त्वाचा. दुरुस्ती केली असे जाहीर झाले आणि प्रत्यक्षात जुनाच तुकडा गेला, तर कारखाना गाफील राहतो.

‘मेक’ फाइलची वेळ पाहून निर्णय घेते. दोन संगणकांची घड्याळे जुळत नसतील तर ते फसते. म्हणून पुढच्या साधनांनी वेळेऐवजी मजकुराचा ठसा घ्यायला सुरुवात केली. अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेले ‘सीकॅश’ हे त्यातले सर्वपरिचित. कोड, कम्पायलर आणि त्याला दिलेल्या सूचना यांच्यापासून ते एक ठसा काढते. तसाच ठसा आधी साठवलेला असेल तर कम्पाइल न करता तयार तुकडा उचलते. योक्टोतही अशी साठवण आहे. काम अनेक संगणकांवर वाटता येते, तो वेगळा उपाय. पण जोडणीचा शेवटचा टप्पा सहसा वाटला जात नाही. त्यामुळे संगणक दुप्पट केले म्हणून वेळ निम्मा होत नाही.

झटपट बिल्डवर विश्वास ठेवावा का?

शंका रास्त आहे. २०२० च्या अखेरीस उघड झालेल्या ‘सोलरविंड्स’ प्रकरणात हल्लेखोर बिल्ड करणाऱ्या संगणकातच शिरले होते. बिल्ड सुरू झाला की त्यांचा प्रोग्राम एक सोर्स फाइल गुपचूप बदलत असे. तयार सॉफ्टवेअरवर कंपनीची खरी डिजिटल सही होती आणि ते सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोहोचू शकले. साठवलेल्या तुकड्यांत कुणी असाच एक विषारी तुकडा ठेवला, तर तो पुढच्या प्रत्येक बिल्डमध्ये जाईल.

यावरचा उपाय म्हणजे पुनरुत्पादनक्षम बिल्ड. तोच कोड दोन वेगळ्या संगणकांवर बिल्ड केला तर येणारी फाइल बाइटगणिक सारखी हवी. ‘डेबियन’ लिनक्सने २०१३ पासून यावर काम केले आहे. फाइलमध्ये उमटणारी बिल्डची तारीख किंवा फोल्डरचे नाव अशा क्षुल्लक गोष्टीही त्यात आड येतात. मौज अशी, की त्या काढून टाकल्या की साठवणही अधिक उपयोगी पडते, कारण ठसे विनाकारण बदलत नाहीत. वेग आणि सुरक्षितता इथे एकमेकांच्या विरोधात नाहीत; दोन्हींसाठी कोणता तुकडा कशापासून बनला याचा चोख हिशेब लागतो.

कारखान्यापर्यंत पोहोचायला किती वेळ?

बिल्डनंतर खऱ्या नियंत्रकावर चाचण्या होतात आणि तिथे घाई चालत नाही. पण चाचणी फसली की गाडी पुन्हा बिल्डवर येते. बिल्डला चार तास लागत असतील तर दिवसाकाठी अशा एक-दोनच फेऱ्या होतात. वीस मिनिटे लागली तर त्याच दिवशी तिसरी, चौथी चूकही हाती लागते.

कारखान्यातील अभियंत्यापुढेही हाच पेच छोट्या रूपात असतो. सीमेन्सच्या ‘टीआयए पोर्टल’मध्ये फक्त बदल कम्पाइल करण्याचा आणि सगळे नव्याने करण्याचा असे दोन पर्याय आहेत. अनेक प्रणालींत छोटा बदल यंत्र सुरू असतानाच नियंत्रकात उतरवता येतो. संपूर्ण प्रोग्राम किंवा फर्मवेअर भरायचे तर बहुधा नियंत्रक थांबवावा लागतो. भट्टी किंवा रासायनिक प्रक्रिया अशी मधेच थांबवता येत नाही. म्हणून उत्पादकाकडून वेळेत आलेली दुरुस्तीही पुष्कळदा वार्षिक शटडाऊनची वाट पाहत राहते. ती त्या तारखेनंतर आली, तर पुढच्या शटडाऊनपर्यंत जुनेच सॉफ्टवेअर चालू राहते.