'साकु' म्हणायला शिकवणारा मासा

आपल्याकडे पंक्तीत 'पुरे' म्हटले म्हणून वाढणारा कधी थांबत नाही. पाहुण्याने पानावर हात आडवा धरून 'साकु, साकु' म्हणायचे आणि घरधनिणीने 'इन्नू स्वल्प' म्हणत आणखी एक पळी भात सोडायचाच. घरात माशांची टाकी आली की हाच लाड माशांच्या वाट्याला येतो. सकाळी आजोबा चिमूटभर टाकतात, दुपारी शाळेतून आलेली नात टाकते, रात्री पाहुण्यांना गंमत दाखवायची म्हणून आणखी एकदा. काही मासे हा पाहुणचार बरेच दिवस सोसतात. डिस्कस मात्र सोसत नाही.

डिस्कस हा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातला मासा. हेकेल या शास्त्रज्ञाने १८४० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. ताटलीसारखा गोल, चपटा, पूर्ण वाढीला पंधरा ते वीस सेंटिमीटरचा. आमच्या घरी असे पाच आहेत. बेळगावच्या वाचकांना केरी म्हटले की चोर्ला घाट उतरल्यावर लागणारी सत्तरीतली केरी आठवेल. मी लिहितो आहे ते पेडण्याच्या केरीहून, तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथून. इथे कोळंबी दारात मिळते, त्यामुळे डिस्कसला काय घालावे हा प्रश्न सोपा आहे. अवघड आहे ते किती घालावे हे.

तोंड लहान, पाणी गरम

डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी लागते. एवढ्या गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि उरलेले अन्न लवकर कुजते. कुजण्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा असतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांच्याही कामाला मर्यादा आहे. म्हणजे जास्तीची प्रत्येक चिमूट माशाच्या पोटात जात नाही, ती त्याच्या श्वासात जाते.

त्यात हा मासा सावकाश खाणारा. तोंड लहान, झडप घालण्याची सवय नाही. तळावर पाण्याची फुंकर मारून कण उडवायचे आणि टिपायचे, अशी त्याची रीत. मोठ्या डिस्कसना दिवसातून दोनदा, पिलांना चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. दहा-पंधरा मिनिटांत जे संपत नाही ते नळीने ओढून काढावे. आठवड्यातून किमान दोनदा टाकीतले तिसरा हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी तेवढेच कोमट हवे आणि त्यात क्लोरीन नको.

घरची वडी

परदेशात डिस्कसला गाई-बैलाचे हृदय वाटून घालण्याची पद्धत रुजली. त्याने मासा लवकर भरतो हे खरे, पण ते या माशाचे मूळ अन्न नाही. ॲमेझॉनमध्ये तो शेवाळ, कुजलेल्या पानांचा चुरा, पाण्यातले बारीक किडे आणि कवचधारी जीव खातो. तेव्हा ज्या घरांत ते मांस येत नाही, त्यांनी डिस्कस आपल्यासाठी नाही असे समजू नये.

आम्ही कोळंबीची वडी करतो. कोळंबी म्हणजे आमची सुंगटे, तुमची सिगडी. ती सोलून, पाठीतला काळा दोरा काढून, उकळत्या पाण्यातून काढायची. थोडा उकडलेला पालक घालून मिक्सरमधून फिरवायची. मीठ, हळद, तेल काही नको. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे त्यात घालू नयेत, पाण्यावर तवंग येतो. मिश्रण प्लास्टिकच्या पिशवीत पातळ थापून फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि लागेल तेवढा तुकडा मोडायचा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, म्हणून आम्ही मे महिन्यातच वड्या करून ठेवतो. रोज एकच पदार्थ मात्र नको. एक वेळ वडी, एक वेळ चांगल्या प्रतीचे पेलेट, मधूनमधून गोठवलेले ब्लडवर्म. जिवंत ट्युबिफेक्स टाळावेत. ते घाण पाण्यातले किडे, रोगही घेऊन येतात.

न घालण्याचे दिवस

पावसाळ्यात वीज गेली की हीटर आणि फिल्टर दोन्ही बंद पडतात. वीज येऊन पाणी पूर्ववत होईपर्यंत खाणे बंद. मासा काळवंडला, कोपऱ्यात उभा राहिला, अन्नाकडे पाहून तोंड फिरवू लागला, तर नवा पदार्थ देऊन भुलवण्याआधी पाणी तपासावे. विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी दिसली तर आतड्यात जंतूंचा त्रास असू शकतो, जाणकाराला दाखवावे.

चवथीला सगळे घर मूळ गावी जाते आणि टाकी शेजाऱ्यांवर सोपवली जाते, तेव्हा धोका सर्वांत मोठा. शेजारी प्रेमाने घालतो. निरोगी मोठा डिस्कस दोन-तीन दिवस उपाशी राहू शकतो. जास्त दिवस जायचे असेल तर दिवसाची एक अशा कागदी पुड्या बांधून द्याव्यात आणि डबा कुलपात ठेवावा.

आई-बापाचे अंग

एवढे कडक नियम वाचून कोणी म्हणेल, हा कसला रुक्ष मासा! तर ऐका. डिस्कसची पिले पोहू लागली की पहिले दोन आठवडे आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. दोघेही आळीपाळीने पिलांना अंगावर घेतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की या स्रावात प्रथिने असतात, रोगप्रतिकारक द्रव्येही असतात. आपल्याकडच्या आईच्या दुधासारखेच हे. पण तिसऱ्या आठवड्यापासून तेच आई-बाप पिलांपासून दूर पोहू लागतात. पिले मागे धावतात, ते अंग चुकवतात, आणि हळूहळू पिले स्वतः टिपून खायला शिकतात. स्वतःचे अंग खाऊ घालणारा मासासुद्धा वेळ आली की 'साकु' म्हणतो.

तुमच्या घरी डिस्कस येणार असतील तर पहिल्याच दिवशी खाण्याच्या वेळा मराठी-कन्नड दोन्हींत लिहून फ्रीजवर चिकटवा. घालण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. आजी-आजोबांना आणि मुलांना टाकीसमोर खुर्ची द्या. तिथे बसून नुसते पाहणे हाही लाडच आहे.