मातीचा हिमकण

थंडीच्या दिवसांत मुलांना घरी रंगीत मातीचा हिमकण करायला सांगा. बहुतेक जण आठ पाकळ्या काढतील. माझ्या मुलीनेही आठच केल्या! आठ सारखे भाग पाडणे सोपे ना. पण खऱ्या हिमकणाला पाकळ्या सहा. असे का, हे कोडे केप्लरने १६११ साली मांडले होते.

आता मातीच्या सहा गोळ्या व आगकाड्या घ्या. गोळी म्हणजे पाण्याचा रेणू. काड्यांनी गोळ्यांचे कडे जोडा. मात्र एकाआड एक गोळी वर-खाली ठेवा, म्हणजे काड्यांमधील कोन सुमारे १०९ अंश होईल. बर्फात रेणू असेच बसतात. कडे वरून पाहा: षट्कोन! अशी असंख्य कडी जुळून षट्कोनी चकती बनते. तिचे कोपरे बाष्पात पुढे आलेले असतात. नवे रेणू तिथे आधी बसतात आणि पाकळ्या फुटतात.

कड्यातली पोकळी मात्र बुजवू नका. तिच्यामुळेच बर्फ पाण्यावर तरंगतो.